गोल नव्हे, पास

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करते. ऑफसाइड म्हणजे काय, हे मामंजींनी मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पोळपाटावर हरभऱ्याचे दाणे मांडून समजावलं होतं. तेव्हा समजलं, आणि दाणे भिजत घातले तशी विसरले. पण फुटबॉल बघणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी मला बरंच कळतं. पंचवीस वर्षं मी त्यांना चहा दिलाय.

आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत. लेले मैदान चालत जाण्यासारखं. रविवारची मॅच संपली की मामंजी आणि त्यांचे मित्र घरी यायचे. कॅम्पातले एक, शहापूरचे एक रिटायर कंडक्टर, वडगावचे एक विणकर, शिवाय अधूनमधून उगवणारे दोघे-तिघे. मामंजींचं सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा बंद, त्यामुळं सगळ्यांचीच पळापळ. "चला चला, दिवस बुडायच्या आत शेटजींचा चहा व्हायला पाहिजे," असं ओरडतच मंडळी जिना चढायची. वडगावचे काका दर वेळी कांदाभजी मागायचे, मी दर वेळी केळ्याची भजी द्यायचे, आणि एक भजं उलगडून बघत ते दर वेळी म्हणायचे, "सूनबाई, ह्यातला कांदा कुठं गेला? ऑफसाइड दिला की काय?" दर वेळी सगळे हसायचे. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

हे सगळं आठवायला कारण झाला एक सिनेमा. लेकीनं लॅपटॉपवर लावून दिला आणि म्हणाली, "आई, आजोबांच्या मित्रांवर आहे बघ." सिनेमा इंग्रजी. 'लुकिंग फॉर एरिक'. 2009 सालचा, केन लोच या दिग्दर्शकाचा, पॉल लॅव्हर्टीनं लिहिलेला. इंग्लंडातल्या मँचेस्टरचे बोल माझ्या कानाला झेपेनात म्हणून खाली अक्षरं लावून बघितला. दोनदा बघितला. दुसऱ्या वेळी मधेच उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच ओटा पुसत बसले. का, ते शेवटी सांगते. आधी सिनेमाबद्दल बोलू.

गोष्ट एवढीच

एरिक बिशप हा मँचेस्टरचा पोस्टमन. पन्नाशीचा. सिनेमा सुरू होतो तोच तो गोल चौकात गाडी उलट्या दिशेनं फिरवतोय आणि ठोकतोय, इथून. घरात दोन सावत्र मुलगे, त्यांची आई घर सोडून गेलेली. मुलं ऐकत नाहीत, घराचा उकिरडा झालेला. तीसएक वर्षांपूर्वी यानं आपल्या पहिल्या बायकोला, लिलीला, तान्ह्या मुलीसकट टाकलं होतं. ती मुलगी सॅम आता स्वतः आई झालीय, शिकतेय, आणि तिला अभ्यास पुरा करायला वेळ हवा म्हणून बाळाला आळीपाळीनं सांभाळायला तिनं आईबापांना गळ घातलीय. म्हणजे इतक्या वर्षांनी एरिकनं लिलीच्या समोर उभं राहायचं. तेवढ्यानंच त्याचा धीर सुटलाय.

एरिकच्या खोलीत मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कॅन्टोनाचं माणसाएवढं पोस्टर. एके रात्री हा पोरानं लपवलेला गांजा ओढतो, पोस्टरशी बोलायला लागतो, आणि खरा कॅन्टोना खोलीत उभा राहतो. तोच, कॉलर वर केलेला, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा, म्हणींमागून म्हणी टाकणारा. मग दोन एरिकांच्या गप्पा सुरू होतात.

कॅन्टोना हा खोटा माणूस नव्हे. 1992 च्या नोव्हेंबरात तो लीड्सहून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि 1997 साली, तिशीतच, खेळ सोडून मोकळा झाला. सिनेमात त्यानं स्वतःचीच भूमिका केलीय. लोच हा नटांना पुरी संहिता हातात देत नाही, गोष्ट ज्या क्रमानं घडते त्याच क्रमानं चित्रीकरण करतो. पोस्टमनचं काम करणाऱ्या स्टीव्ह एव्हेट्सला त्या खोलीत कॅन्टोना अवतरणार, हे आधी सांगितलेलंच नव्हतं म्हणे. पडद्यावरची त्याची भंबेरी बघितली की ते पटतं.

विनोद म्हणजे चौकशी

या सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला भाग कॅन्टोनाचा नाही. एरिकच्या टपाल कचेरीतल्या मित्रांचा आहे. एरिक खचलाय हे त्यांना दिसतं. आता बायका असत्या तर काय केलं असतं? एकीनं हात धरला असता, "काय झालं गं?" विचारलं असतं, दुसरीनं डबा पाठवला असता, तिसरीनं आपलंच दुःख सांगून रडायला जागा करून दिली असती. ही पुरुषमंडळी काय करतात? त्याला विनोद सांगायचं ठरवतात. मीटबॉल्स नावाचा एक जाडजूड, मायाळू मित्र आहे, तो पुढाकार घेतो. टपाल निवडता निवडता एकेक जण येतो आणि दगडासारखा चेहरा करून बसलेल्या एरिकला चुटका ऐकवून जातो. चुटके काही फार थोर नाहीत. एरिक हसत नाही. पण येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जी काळजी आहे, ती बघण्यासारखी आहे. विनोद सांगताना माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

पुढं हाच मीटबॉल्स मन सुधारण्याचं एक पुस्तक घेऊन येतो आणि सगळ्यांना एरिकच्या घरी गोल बसवतो. डोळे मिटा आणि ज्याचा तुम्हाला आदर वाटतो अशा माणसाच्या नजरेनं स्वतःकडं बघा, असा तो धडा. आठ-दहा दणकट पोस्टमन डोळे मिटून बसलेत, हे दृश्यच मुळात हसवतं. पण लोच त्यांना हसत नाही. त्यांच्या बरोबर हसतो. हसण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक आपण बायकांना चांगला कळतो, कारण पहिल्या तऱ्हेचं हसणं आपल्या वाट्याला पुष्कळ आलेलं असतं.

लोचचा 1969 सालचा 'केस' नावाचा सिनेमा आहे. त्यात शाळेतला एक खेळाचा मास्तर पोरांच्या मॅचमध्ये स्वतःच बॉबी चार्ल्टन बनून खेळतो, स्वतःलाच पेनल्टी देतो, पोरांना ढकलतो. ते दृश्यही हसवतं, पण ते हसू कडू आहे, कारण त्यात एक लहान पोरगा थंडीनं काकडतोय. चाळीस वर्षांनी तोच दिग्दर्शक फुटबॉलकडं परत आला तेव्हा त्याच्या हसण्यातला कडूपणा निवळलेला दिसतो. वयाचा परिणाम असेल. म्हाताऱ्यांवरचा सिनेमा त्यानं स्वतः म्हातारा झाल्यावर काढला, हे मला बरं वाटतं.

आठवण कशाची ठेवायची

आता आठवणींबद्दल. हे सगळे मित्र मँचेस्टर युनायटेडचे जुने भक्त, पण मैदानावर कुणी जात नाही. पबमध्ये बसून टीव्हीवर मॅच बघतात. याचं कारण सिनेमा भाषण ठोकून सांगत नाही, पण ते माहीत असलं की मजा वाढते आणि दुःखही. 1989 साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेच्या मृतांचा आकडा आज 97 आहे. त्यानंतर मोठ्या मैदानांवरच्या उभ्यानं मॅच बघायच्या जागा काढून खुर्च्या बसवल्या गेल्या. ते सुरक्षेसाठी गरजेचंच होतं. पण 1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, तिकिटं चढत गेली, आणि पोस्टमन, गोदीवाले, गिरणीवाले हळूहळू मैदानाबाहेर पडले. 2005 साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं क्लबच विकत घेतला, तेव्हा चिडलेल्या काही भक्तांनी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला. सिनेमात पबमध्ये यावरनंच जुंपते. नव्या क्लबवाला म्हणतो तुम्ही पैसेवाल्यांचे गुलाम, जुने म्हणतात तू फितूर.

त्याच भांडणात एक वाक्य येतं. त्याचा मतलब असा, की माणूस बायको बदलेल, पक्ष बदलेल, धर्म बदलेल, पण आपला फुटबॉलचा संघ कधी बदलू शकत नाही. या वाक्यावर जगभरचे पुरुष खूष आहेत. मीही हसले. मग थांबले. बदलता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत बायको पहिली! आणि ज्या सिनेमाची सगळी गोष्टच मुळी बायको टाकलेल्या माणसाची आहे, त्यातच हे वाक्य. हा योगायोग नसणार. लॅव्हर्टीनं ते जाणूनबुजून तिथं ठेवलं असावं, असं मी धरून चालते. तसं असेल तर ते या सिनेमातलं सगळ्यात धारदार वाक्य आहे, आणि नसेल तर सगळ्यात बेजबाबदार.

कारण बघा. एरिकला कॅन्टोनाचे गोल एकेक करून आठवतात. कुठल्या संघाविरुद्ध, कुठल्या बाजूनं, कुणाच्या डोक्यावरून. सिनेमात ते खरे गोल मधेमधे दाखवलेत, आणि माझ्यासारखीलाही त्यांची भुरळ पडते. पण लिलीची आठवण त्यानं तीस वर्षं मनाच्या तळाशी दडपून ठेवलीय. ती दोघं नाचाच्या स्पर्धेत भेटली होती. तेही त्याला कुणीतरी खोदून विचारावं लागतं. खेळाची आठवण ही सोपी आठवण असते, कारण त्यात आपली चूक कधीच नसते. गोल हुकला तर हुकवणारा दुसरा कुणी असतो. स्वतःच्या घरात आपण हुकवलेला गोल आठवायला लागला की छातीत धडधडतं, आणि माणूस चौकात गाडी उलटी फिरवतो.

हे माझ्या घरातही मी पाहिलंय. ही मंडळी जीपनं किंवा एसटीनं घाट उतरून गोव्याला मॅचला जायची. फातोर्ड्याचं मैदान 1989 साली झालं, तेव्हापासूनच्या मॅचेस मामंजींच्या तोंडावर. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलपोस्टात कसा झेपावायचा, हे ते दिवाणखान्यात सोफ्यावर हात टेकून दाखवायचे. 2016 साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, तेव्हा आमच्या घरी दोन रविवार सुतक होतं. पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलेलं डेम्पो आता मोठ्या स्पर्धेत नसणार, हे त्यांना पचेना. पण त्याच मामंजींना आत्यांच्या मोठ्या ऑपरेशनचं साल विचारा. "असेल की नव्वद-ब्याण्णवच्या आसपास. फेडरेशन कपच्या अलीकडं-पलीकडं."

आत्या आतून म्हणायच्या, "माझं पोट फाडलं तेही ह्यांनी कपावरनंच मोजलं."

त्यावर सगळे हसायचे. आत्याही हसायच्या. त्या हसण्यात किती खरं आणि किती नाइलाज, हे मी कधी विचारलं नाही.

पास

आता सिनेमाच्या गाभ्याशी येऊ. पोस्टमन कॅन्टोनाला विचारतो, तुझ्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात गोड क्षण कुठला? आणि स्वतःच एकेक गोल सुचवत जातो. कॅन्टोना मान हलवतो. गोल नव्हेच, तो म्हणतो. पास होता. मग पोस्टमनला उमगतं. 1993 च्या जानेवारीत टॉटनहॅमविरुद्ध डेनिस अर्विनला दिलेला तो पास. चेंडू बचाव करणाऱ्यांच्या डोक्यावरून अलगद गेला आणि अर्विननं गोल केला. पोस्टमन विचारतो, पण त्यानं तो घालवला असता तर? कॅन्टोनाचं उत्तर साधं आहे. आपल्या गड्यांवर विश्वास ठेवावाच लागतो, नाहीतर सगळंच बुडालं.

गर्विष्ठ म्हणून नाव झालेल्या माणसाच्या तोंडी हे घातलंय, यातच त्याची गोडी आहे. दुसऱ्याला देऊन टाकलेली गोष्ट हीच आपली सगळ्यात मोठी कमाई, हे आपण प्रवचनात पुष्कळ ऐकतो. दानाचं महत्त्व आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. पण त्या दानातला धोका मला या दृश्यानं दाखवला. पास दिला की चेंडू आपला राहत नाही. तो कसा वापरला जाईल, हे आपल्या हातात नाही. म्हणून पास द्यायला गोल करण्यापेक्षा जास्त छाती लागते.

पण इथंच माझी सिनेमाशी पहिली तक्रार. या गोष्टीतला पहिला खरा पास कॅन्टोनाचा नाही आणि एरिकचाही नाही. तो सॅमचा आहे. तान्हं बाळ बापाच्या हातात द्यायचं. तेही त्या बापाच्या, जो तिला स्वतःला तान्हेपणी टाकून गेला होता. तो पुन्हा पळाला असता तर? तरीही ती देते, आणि त्यामुळंच पुढची सगळी गोष्ट घडते. टॉटनहॅमविरुद्धचा पास सिनेमा आपल्याला खऱ्या चित्रफितीसकट दाखवतो. सॅमचा पास मात्र तसाच जातो. कुणी टाळी वाजवत नाही, एरिकच्या मित्रांत त्याची चर्चा होत नाही, कॅन्टोनालाही तो दिसत नाही. बायकांचे पास असेच जातात. ताट वाढलं, औषध आणलं, नणंदेशी तुटलेलं बोलणं हळूच जोडून दिलं. त्याची चित्रफीत कुठं असते?

लिलीला सिनेमा जास्त न्याय देतो. ती एरिकला चटकन माफ करत नाही. त्यानं तिला एवढ्या वर्षांनी कारण सांगितलं, की बारशाच्या समारंभात बापानं धारेवर धरलं, जीव घाबराघुबरा झाला, आणि मग परत यायचं तोंडच उरलं नाही, तेव्हा ती ऐकून घेते. ऐकून घेणं म्हणजे माफी नव्हे, हे तिचा चेहरा सांगतो. आपल्या पर्वात पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो. मला लहानपणी वाटायचं, क्षमा मागणं अवघड आणि करणं सोपं. लिलीकडं बघून कळतं की क्षमा करणाऱ्यालाही जुना सगळा हिशेब आधी पुन्हा उघडावा लागतो. तीस वर्षांनी क्षमा मागणाऱ्यानं दुसऱ्यावर केवढं काम टाकलेलं असतं! सिनेमा हे कळून आहे, पण त्याच्याकडं वेळ कमी आहे. त्याला पुढच्या मारामारीकडं जायचंय.

मुखवटे

ती मारामारी म्हणजे माझी दुसरी तक्रार. एरिकचा थोरला सावत्र मुलगा एका गुंडाच्या नादी लागून त्याचं पिस्तूल घरात लपवतो. गुंड एरिकलाही छळतो, अपमान करतो. एकट्याचं काही चालत नाही. शेवटी एरिक लाज सोडून मित्रांना सगळं सांगतो. या पुरुषाला "मला मदत करा" एवढं म्हणायला सिनेमाचा तीन चतुर्थांश वेळ लागला! मग बसेस भरून म्हातारे-अर्धम्हातारे भक्त कॅन्टोनाचे मुखवटे घालून त्या गुंडाच्या बंगल्यावर चाल करून जातात. सामानाची मोडतोड करतात, रंग फवारतात, चित्रण करून तुझी फजिती जगाला दाखवू अशी धमकी देतात. गुंड नरमतो.

दृश्य विलक्षण मजेशीर आहे, यात वाद नाही. ढेऱ्या सुटलेले, धापा टाकणारे, गुडघे धरणारे पंचवीस-तीस कॅन्टोना बसमधून उतरतायत, हे बघून मी पोट धरून हसले. कुणी जिवानिशी जात नाही, कुणाचं रक्त सांडत नाही. पण दांडकी हातात आहेत, आणि घाबरवणं हाच बेत आहे. अहिंसा म्हणजे केवळ रक्त न सांडणं नव्हे, हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं. हसू आलं म्हणून हिंसा धुऊन निघते का? कॅन्टोनानं स्वतः 1995 च्या जानेवारीत शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली होती. त्यापायी सप्टेंबरअखेरपर्यंत त्याला खेळू दिलं नाही, कोर्टानं समाजसेवेची शिक्षा दिली. त्या बंदीच्या दिवसांत ट्रम्पेट शिकलो, असं सिनेमातला कॅन्टोना सांगतो आणि वाजवूनही दाखवतो. बेसूरच वाजवतो. मला वाटतं, मारण्यानंतर माणसानं काय शिकावं याची ती बेसूर ट्रम्पेट हे, मुखवट्यांच्या स्वारीपेक्षा, खरं उत्तर होतं. लोच ते हातात येऊन निसटू देतो.

आणखी एक. लोचच्या बाकीच्या सिनेमांत गरीब माणूस व्यवस्थेशी लढतो आणि बहुतेकदा हरतो, म्हणून ते सिनेमे आपल्याला छळत राहतात. 2016 सालच्या 'आय, डॅनियल ब्लेक'मध्ये एका आजारी सुताराला सरकारी कचेऱ्यांचे खेटे घालून घालून जीव गमवावा लागतो. तिथं मुखवटे घातलेले मित्र बस भरून येत नाहीत. 'एरिक'मध्ये येतात. म्हणून काही जाणकार याला हलका, स्वप्नाळू सिनेमा म्हणतील. मी नाही म्हणणार. मित्र आले तर काय होईल, एवढं एक स्वप्न बघायचा म्हाताऱ्यांना हक्क आहे. फक्त ते स्वप्न दांडक्याशिवायही रंगलं असतं.

ओटा पुसताना

आता मी मधेच उठून ओटा का पुसत बसले, ते सांगते.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर मामंजी गप्प झाले. आजार असा काही नव्हता. बोलणं कमी, जेवण कमी, खिडकीशी बसून राहणं. मित्र मात्र रविवारी यायचे. आणि काय करायचे? तेच जुने विनोद, तीच शंखवाळकरची झेप, तोच ऑफसाइडचा कांदा. मामंजी हसायचे नाहीत. मला राग यायचा. पंचवीस वर्षांची मैत्री, आणि एकानंही जवळ बसून "शेटजी, काय होतंय?" एवढं विचारू नये? दाराबाहेर जाऊन मी यांना म्हटलंसुद्धा, "ही माणसं फक्त भजी खायला येतात."

मग एका रविवारी मी दारातच सांगितलं, "झोपलेत ते." झोपले नव्हते. पुढच्या रविवारीही तेच सांगितलं. चार-पाच रविवार सांगितलं. मंडळी "बरं बरं, झोपू देत" म्हणून जिना उतरायची. संध्याकाळी मामंजींनी एकदा विचारलं, "आज कुणी आलं नाही?" मी म्हटलं, "नाही." ते परत खिडकीकडं वळले. पावसाळ्यात ते गेले.

त्या टपाल कचेरीच्या दृश्यात एरिक हसत नाही, तरी एकेक जण येऊन विनोद सांगून जातो, ते बघताना मला कळलं की मी दारातून काय परत पाठवत होते. त्यांच्या भाषेत ती चौकशीच होती. मला ती भाषा येत नव्हती, आणि मी समजले की ते मुकेच आहेत. माझ्यासारख्या, पुरुषांना मनातलं बोलता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या बाईनं, ते बोलत असताना दार लावलं.

याचा अर्थ माझी तक्रार खोटी, असंही नाही. एरिकला मित्रांनी शंभर चुटके सांगितले, पण त्याची सुटका झाली ती त्यानं सरळ शब्दांत सांगितलं तेव्हा. विनोद दारापर्यंत आणतो. आत यायला साधी भाषा लागते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती पुढची पायरी कुणी शिकवली नाही, आणि आम्ही बायकांनीही, ती आमची मक्तेदारी असल्यासारखी, आमच्यापाशीच ठेवली. मैत्रिणींनो, हा सिनेमा एकट्यानं बघू नका. घरातल्या म्हाताऱ्याला शेजारी बसवा. त्याला अक्षरं दिसत नसतील तर वाचून दाखवा. तो मधेच एखादी जुनी मॅच सांगायला लागला तर सिनेमा थांबवा, त्याला थांबवू नका.

गेल्या क्षमावाणीच्या दिवशी मी वडगावला गेले. काका मागाजवळ बसले होते. माग आता बंदच असतो. मी डबा पुढं ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, की ते झोपलेले नसायचे, मी खोटं बोलले, मला क्षमा करा. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग डबा उघडला, एक भजं उचललं, उलगडून आत बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "अजून ऑफसाइडच आहे का?"

मी म्हटलं, "होय की."

मग त्यांनी डोळे पुसले, आणि ते भजं खाल्लं.